कोलंबियाचा ‘नाही’: कौल पाळला की वळवून घेतला?

2 ऑक्टोबर 2016, रविवार. सरकार आणि फार्क या बंडखोर गनिमी सेनेत झालेल्या शांतता करारावर कोलंबियाच्या मतदारांच्या हातात एकाच प्रश्नाची मतपत्रिका होती: संघर्ष संपवण्यासाठी आणि स्थिर, टिकाऊ शांतता उभारण्यासाठी झालेल्या अंतिम कराराला तुमचा पाठिंबा आहे का? होय किंवा नाही, एवढंच. मतदानाआधीच्या शेवटच्या चाचण्या ‘होय’ आरामात जिंकणार असं सांगत होत्या. संध्याकाळी मतपेट्या उघडल्या आणि तासाभरात सरकार तोंडघशी पडलं. ‘नाही’ 50.2 टक्के, ‘होय’ 49.8 टक्के. जवळपास 1 कोटी 28 लाख मतांमध्ये फरक 54-55 हजारांचा. मतदान जेमतेम 37 टक्के.

पुढच्या दोन महिन्यांत सरकारनं करार बदलला, बंडखोरांशी पुन्हा सह्या केल्या आणि तो संसदेतून मंजूर करून घेतला. लोकांकडे दुसऱ्यांदा ते गेलंच नाही. लोकांचा कौल पाळला गेला, की तो नीट गुंडाळून बाजूला ठेवला गेला? या एका प्रश्नावर कोलंबिया पुढची काही वर्षं भांडत राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या ब्रेक्झिटवर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. कोलंबियाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. माझ्या मते सार्वमताचा निकाल ‘पाळणं’ म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला कोलंबियाचं प्रकरण जास्त उपयोगी आहे, कारण इथे निकालाचा मान राखण्याचे दोन अगदी वेगळे अर्थ समोरासमोर उभे राहिले आणि दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं खरं होतं.

गरज नसताना मागितलेला कौल

फार्क ही डाव्या विचारांची गनिमी सेना 1964 पासून सरकारशी लढत होती. त्यात निमलष्करी टोळ्या, अमली पदार्थांचा पैसा आणि लष्कराचे स्वतःचे अत्याचार मिसळत गेले. अर्ध्या शतकात सुमारे 2 लाख 20 हजार माणसं मेली, त्यातली बहुसंख्य साधी, नि:शस्त्र. लाखो लोकांना गाव सोडावं लागलं. 2012 मध्ये राष्ट्राध्यक्ष हुआन मानुएल सांतोस यांच्या सरकारनं हवानात फार्कशी उघड वाटाघाटी सुरू केल्या. क्यूबा आणि नॉर्वे हमीदार होते, सरकारच्या बाजूनं हुंबर्तो दे ला काये प्रमुख वाटाघाटीकार. चार वर्षांनी, ऑगस्ट 2016 मध्ये, 297 पानांचा करार तयार झाला.

26 सप्टेंबरला कार्ताहेनात सह्यांचा सोहळा झाला. पाहुणे पांढऱ्या कपड्यांत, परदेशी राष्ट्रप्रमुख रांगेनं बसलेले. सह्यांची पेनं बंदुकीच्या गोळ्यांपासून बनवलेली, त्यांवर कोरलं होतं, ‘गोळ्यांनी आमचा भूतकाळ लिहिला, शिक्षण आमचं भविष्य.’ फार्कचा प्रमुख तिमोचेंको भाषण करत असताना वरून हवाई दलाची विमानं गेली आणि इतकी वर्षं बॉम्बहल्ले झेललेला तो माणूस क्षणभर दचकून वर पाहू लागला. सहा दिवसांनी मतदान होतं. लग्न लागलं, आता फक्त जेवणावळ उरली, असा सगळा थाट होता.

खरं तर हे सार्वमत घ्यायलाच हवं असं कायदा कुठेही म्हणत नव्हता. शांतता करार करणं हा राष्ट्राध्यक्षाच्या अधिकारातला विषय. फार्कला तर सार्वमत नकोच होतं, त्यांना घटना समिती हवी होती. पण सांतोस यांनी ‘शेवटचा शब्द लोकांचा’ असं वचन दिलं होतं आणि त्यांना माजी राष्ट्राध्यक्ष आल्वारो उरिबे यांच्याविरुद्ध एक कवच हवं होतं. उरिबे 2002 ते 2010 सत्तेत होते, फार्कला जंगलात रेटणारा नेता म्हणून त्यांचा मोठा चाहतावर्ग होता आणि सांतोस हे एकेकाळी त्यांचेच संरक्षणमंत्री. लोकांनी एकदा करार उचलून धरला की उरिबेंना बोलायला जागा उरणार नाही, हा हिशेब.

त्यासाठी नियमही हलके केले गेले. जुन्या नियमानुसार अशा सार्वमताला निम्म्याहून अधिक मतदारांनी हजेरी लावणं आवश्यक होतं. सरकारनं खास कायदा करून ती अट काढली. त्याऐवजी मतदारयादीच्या 13 टक्के, म्हणजे सुमारे 45 लाख, ‘होय’ मतं मिळाली आणि ती ‘नाही’पेक्षा जास्त असली की पुरे असं ठरवलं. गंमत अशी की जुना नियम राहिला असता तर 37 टक्के मतदानावर हे सार्वमत बाद ठरलं असतं आणि ‘नाही’चा विजय विजय म्हणून उभाच राहिला नसता. आपल्या सोयीसाठी कुंपण काढलं आणि त्याच वाटेनं समोरचा आत आला.

याच कायद्याची तपासणी करताना घटना न्यायालयानं जुलै 2016 मध्ये जे सांगितलं ते या प्रकरणाचा कणा आहे. न्यायालय म्हणालं: निकाल राष्ट्राध्यक्षावर बंधनकारक राहील. ‘नाही’ जिंकलं तर *हा* करार अमलात आणता येणार नाही. पण राष्ट्राध्यक्षाचा शांततेसाठी वाटाघाटी करण्याचा घटनात्मक अधिकार त्यामुळे संपणार नाही. नवा, वेगळा करार करायला तो मोकळा राहील. कायद्याच्या भाषेत सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं. प्रचारात मात्र यातलं कुणी फारसं बोललं नाही. सांतोस सांगत फिरले की दुसरा पर्यायच नाही, ‘नाही’ म्हणजे पुन्हा युद्ध. फार्क शहरांत लढाई आणायला तयार आहे, असंही ते जूनमध्ये बोलून गेले. दे ला काये म्हणत होते, यापेक्षा चांगला करार शक्यच नव्हता. ही वाक्यं पुढे त्यांच्याच अंगाशी आली.

नाही म्हणणारे कोण होते

निकालानंतर एक सोपी गोष्ट जगभर पसरली: युद्धानं होरपळलेल्या गावांनी माफ केलं, शहरात सुखरूप बसलेल्यांनी नाकारलं. तिला आधार होता. चोको प्रांतातल्या बोहायात 2002 मध्ये फार्क आणि निमलष्करी टोळ्यांच्या चकमकीत लोक चर्चमध्ये लपले असताना फार्कचा गॅस सिलिंडरचा बॉम्ब छतावर पडला, सत्तरहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं होती. त्याच बोहायात 96 टक्के मतं ‘होय’ला पडली. उलट उरिबेंचा बालेकिल्ला असलेल्या अँतिओकियात ‘नाही’ला सुमारे 62 टक्के.

पण ही गोष्ट पूर्ण नाही. मेटा आणि उइला हे फार्कच्या कारवाया जवळून पाहिलेले प्रांत, आणि तिथेही ‘नाही’च पुढे होतं. राजधानी बोगोटानं ‘होय’ म्हटलं. ‘होय’कडे झुकणाऱ्या कॅरिबियन किनाऱ्यावर त्याच सुमारास मॅथ्यू वादळाच्या पावसानं थैमान घातलं आणि कित्येक ठिकाणी लोक मतदान केंद्रापर्यंत पोचलेच नाहीत. 54 हजारांच्या फरकात वादळाचा वाटा किती, यावर वाद घालणाऱ्यांना काम मिळालं. मला ती चर्चा निरर्थक वाटते. पाऊस पडला म्हणून निकाल बदलत नाही. तसं मानायचं तर कोणतीच निवडणूक टिकणार नाही.

‘नाही’ची कारणंही एका जातीची नव्हती. सगळ्यात मोठा राग शिक्षेचा. खरं कबूल करणाऱ्याला करारातून उभ्या राहणाऱ्या विशेष न्यायपीठापुढे 5 ते 8 वर्षं स्वातंत्र्यावर मर्यादा, पण तुरुंग नाही. दुसरा राग राजकारणाचा. फार्कच्या नव्या पक्षाला दोन कार्यकाळांसाठी सिनेट आणि प्रतिनिधिगृहात प्रत्येकी 5 जागा, मतं कितीही पडोत. ज्याच्या भावाचं अपहरण झालं त्यानं अपहरणकर्त्याला सिनेटर म्हणून टीव्हीवर पाहायचं, हा प्रश्न काही उरिबेंनी मुद्दाम पेटवलेला नव्हता, तो घराघरात होता. तिसरं, जमिनीवरचा हक्क जाईल ही जमीनमालकांची भीती. चौथं, चर्चवाल्यांची. करारात स्त्रिया आणि समलिंगी व्यक्तींवर झालेल्या अत्याचारांची दखल होती. त्यातून कुटुंबव्यवस्था मोडण्याचा डाव शोधला गेला, कारण ऑगस्टमध्येच शिक्षण खात्याच्या एका पुस्तिकेवरून रस्त्यावर मोर्चे निघाले होते. आणि शिवाय सांतोस आवडत नाहीत म्हणून ‘नाही’ म्हणणारे.

निकालानंतर तीन-चार दिवसांतच ‘नाही’ मोहिमेचे व्यवस्थापक हुआन कार्लोस वेलेस यांनी ‘ला रेपुब्लिका’ या अर्थविषयक दैनिकाला मुलाखत दिली आणि फारच मोकळेपणानं बोलले. करार समजावून सांगणं आम्ही सोडून दिलं, संतापावर भर दिला, लोकांनी चिडून मतदानाला जावं अशी आखणी केली, असा त्यांचा आशय. भाग पाहून संदेश बदलला, हेही त्यांनी सांगून टाकलं. उरिबे भडकले, वेलेस यांनी उरिबेंचा पक्ष सोडला. ‘होय’च्या बाजूला हे आयतं कोलीत मिळालं: म्हणजे निकाल फसवून मिळवलेला, म्हणजे पाळायची गरज नाही!

इथे मी ‘होय’वाल्यांबरोबर नाही. प्रचारात खोटं बोललं गेलं हे खरं, पण युद्ध परत येईल अशी धास्ती घालणारी बाजूही सोवळी नव्हती. प्रचार गलिच्छ होता म्हणून मत रद्द, हा न्याय सोयीनं लावता येत नाही.

चाळीस दिवस

त्या रात्री सांतोस यांनी टीव्हीवर हार मान्य केली, शस्त्रसंधी चालू राहील असं सांगितलं आणि सगळ्या पक्षांना चर्चेला बोलावलं. फार्कनंही आपण शब्दावर ठाम असल्याचं जाहीर केलं. 5 ऑक्टोबरला उरिबे राष्ट्राध्यक्ष भवनात आले. कित्येक वर्षं दोघे असे समोरासमोर बसलेच नव्हते. त्याच संध्याकाळी बोगोटात विद्यार्थ्यांनी बोलावलेला मूक मोर्चा निघाला, हजारो लोक हातात मेणबत्त्या आणि पांढरी फुलं घेऊन प्लासा दे बोलिवारवर जमले. नंतर काही जणांनी त्याच चौकात तंबू ठोकले. 7 ऑक्टोबरला सांतोस यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. घरी नापास आणि बाहेर पहिला नंबर, अशी त्यांची अवस्था होती, आणि विरोधकांनी ती पुरेपूर वापरली.

दरम्यान जंगलात सहा-सात हजार हत्यारबंद लोक अधांतरी लटकले होते. ठरलेल्या तळांकडे निघालेल्या तुकड्या थबकल्या. शस्त्रसंधीची मुदत आधी ऑक्टोबरअखेर, मग डिसेंबरअखेर अशी ढकलत न्यावी लागली. नोव्हेंबरच्या मध्यावर बोलिवार प्रांताच्या दक्षिणेत लष्कराच्या गोळीबारात फार्कचे दोन जण मारले गेले. एखादी अशी चकमक मोठी झाली असती तर सार्वमत, करार, नोबेल सगळं मातीत गेलं असतं. पुढे जे घडलं त्याचा न्याय करताना ही घाई नजरेआड करता येत नाही.

सरकारनं ‘नाही’वाल्यांकडून आक्षेप लेखी मागवले. उरिबेंचा पक्ष, माजी राष्ट्राध्यक्ष आंद्रेस पास्त्राना, माजी संरक्षणमंत्री मार्ता लुसिया रामिरेस, इव्हँजेलिकल चर्चचे नेते, पीडितांच्या संघटना. पाचशेहून अधिक सूचना आल्या, त्यांचे 57 विषय पाडले आणि दे ला काये ते घेऊन हवानाला गेले. 12 नोव्हेंबरला नवा करार जाहीर झाला, 310 पानांचा. सरकारच्या म्हणण्यानुसार 57 पैकी 56 विषयांत बदल झाले होते.

यातले बरेच बदल खरे होते, नुसती रंगरंगोटी नव्हती. विशेष न्यायपीठातून परदेशी न्यायाधीश काढले, त्याच्या कामाला कालमर्यादा घातली. फार्कनं आपली सगळी मालमत्ता जाहीर करून पीडितांच्या भरपाईसाठी द्यावी असं बंधन आलं. स्वातंत्र्यावर मर्यादा म्हणजे नेमकी कुठे, किती मोठ्या जागेत, हे स्पष्ट झालं. खाजगी जमिनीच्या हक्काला धक्का लागणार नाही हे शब्दांत लिहिलं. अख्खा करार घटनेचा भाग होणार होता. आता फक्त मानवी हक्क आणि युद्धकायद्याशी जोडलेला भाग तेवढाच. स्त्री-पुरुष समानतेच्या परिच्छेदांची भाषाही सावध झाली.

बदलला नाही तो 57 वा विषय: फार्कच्या नेत्यांचा निवडणूक लढवण्याचा हक्क. सरकारचं म्हणणं, शस्त्र टाकून राजकारणात या, हाच तर सौदा; तो काढला तर करार कशाचा? ते मला पटतं. पण ‘नाही’ला मत दिलेल्या लाखो लोकांच्या दृष्टीनं नेमका तोच आणि तुरुंगाचाच मुद्दा महत्त्वाचा होता, आणि तुरुंग काही आला नाही. म्हणजे 56 विषय बदलूनही त्यांच्या हातात काय पडलं?

आणि ‘यापेक्षा चांगला करार शक्यच नाही’ या वाक्याचं काय? चाळीस दिवसांत 56 विषय सुधारता आले याचा अर्थ ‘नाही’वाले बरोबर बोलत होते. त्यांच्या मतामुळे करार बदलला. सांतोस यांनी पुढे नवा करार जुन्यापेक्षा चांगला असल्याचं स्वतःच सांगितलं. त्यांनी ‘नाही’ हा आक्षेपांची यादी म्हणून वाचला आणि त्या यादीवर प्रामाणिकपणे काम केलं. उरिबेंनी तोच ‘नाही’ निवाडा म्हणून वाचला: लोकांनी करार पाडला, आता आमच्याशी बोलल्याशिवाय आणि आम्ही मान डोलावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मतपत्रिकेवर ‘का नाही’ विचारायला जागाच नव्हती, त्यामुळे साठेक लाख कारणांचा वकील कोण, हे कुठल्याच नियमानं ठरलेलं नव्हतं. उरिबेंनी ते वकीलपत्र परस्पर घेतलं, सरकारनं ते अर्धं मान्य केलं. त्यांच्याशी सहा सहा तास चर्चा केली, पण नवा मसुदा अंतिम करण्याआधी त्यांना दाखवला नाही. उरिबेंची ती मागणी रास्त होती असं मला वाटतं. दाखवला असता तर त्यांनी चर्चा 2018 च्या निवडणुकीपर्यंत लांबवली असती, ही सरकारची शंकाही तितकीच रास्त.

शेवटची पायरी

24 नोव्हेंबरला बोगोटाच्या तेआत्रो कोलोनमध्ये दुसऱ्यांदा सह्या झाल्या. बंद नाट्यगृह, कार्ताहेनाचा झगमगाट नाही. मग प्रश्न आला मंजुरीचा. दुसरं सार्वमत, गावोगावच्या खुल्या सभा, किंवा संसद, असे पर्याय चर्चेत होते. सरकारनं संसद निवडली, कारण तिथे सांतोस यांच्या आघाडीचं बहुमत होतं. 29 नोव्हेंबरला सिनेटमध्ये 75 विरुद्ध 0, दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहात 130 विरुद्ध 0. शून्य दिसतं कारण उरिबेंचा पक्ष मतदानाआधी सभागृहाबाहेर पडला.

इथेच ग्यानबाची मेख आहे. वाटाघाटी पुन्हा करणं हे घटना न्यायालयाच्या जुलैच्या निकालात बसत होतं. पण वेगानं कायदे करण्यासाठी संसदेनं जी खास प्रक्रिया आधी मंजूर केली होती, ती सुरू व्हायला कराराला ‘लोकांची मंजुरी’ लागत होती. सरकारनं संसदेच्या मतालाच लोकांची मंजुरी म्हटलं. 13 डिसेंबरला न्यायालयानं ते मान्य केलं: लोकांची मंजुरी ही एका दिवसाची घटना असेलच असं नाही, ती एक प्रक्रिया असू शकते, सार्वमतानं सुरू होऊन निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या मतानं संपणारी. कायदेपंडिताला हे चालेल. पण 2 ऑक्टोबरला रांगेत उभं राहून ‘नाही’ला मत दिलेल्या माणसाला हे सांगून पाहा. शेवटचा शब्द तुमचा असं वचन दिलेल्या माणसानं शेवटचा शब्द संसदेला दिला, एवढंच त्याला दिसतं.

दुसरं सार्वमत घ्यायला हवं होतं का? मला त्या डिसेंबरमध्ये ते शक्य दिसत नाही. तयारीला महिने लागले असते, हत्यारबंद माणसं तेवढा काळ जंगलात लटकली असती, आणि दुसऱ्यांदा ‘नाही’ आला असता तर तिसरा करार कुणी केला असता? पण मग प्रामाणिक मार्ग असा होता की सांतोस यांनी उघड म्हणावं: लोकांनी पहिला करार नाकारला, तो मेला, हा दुसरा आहे, याची जबाबदारी माझी आणि संसदेची, 2018 मध्ये तुम्ही आमचा हिशेब करा. संसदेच्या मताला लोकांच्या मताची झूल पांघरली नसती, तर टीका झाली असती, पण फसवणुकीचा आरोप टिकला नसता.

हिशेब 2018 मध्ये झालाच. तोवर जून 2017 पर्यंत फार्कनं आपली वैयक्तिक शस्त्रं संयुक्त राष्ट्रांच्या पथकाकडे सोपवली होती. मार्चच्या संसदीय निवडणुकीत फार्कच्या पक्षाला एक टक्काही मतं मिळाली नाहीत, 10 जागा मात्र ठरल्याप्रमाणे मिळाल्या. जूनमध्ये उरिबेंचा उमेदवार इव्हान दुके राष्ट्राध्यक्ष झाला. पक्षातल्या कडव्यांना कराराच्या चिंध्या करायच्या होत्या. दुके सांगत होता, चिंध्याही नाहीत आणि हसण्यावारी नेणंही नाही. मार्च 2019 मध्ये त्यानं विशेष न्यायपीठाच्या कायद्यातल्या 159 पैकी 6 कलमांवर आक्षेप घेऊन तो संसदेकडे परत पाठवला. प्रतिनिधिगृहानं आक्षेप मोठ्या फरकानं फेटाळले, सिनेटमध्ये मतं पुरेशी होती की नाही यावर घोडं अडलं, आणि पुन्हा एकदा घटना न्यायालयालाच मे महिन्यात निकाल द्यावा लागला. आक्षेप पडले. जूनमध्ये दुकेनं कायद्यावर सही केली. सहापैकी एकही कलम बदललं नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये, हवानात फार्कच्या बाजूनं वाटाघाटींचं नेतृत्व केलेल्या इव्हान मार्केसनं सरकारनं शब्द मोडला म्हणत पुन्हा शस्त्र उचललं. आणि उरिबेंच्या पक्षाच्या सभांमध्ये 2 ऑक्टोबरचा उल्लेख आला की तो ‘चोरलेला कौल’ म्हणूनच येत राहिला.